एका दमातली हंडी

धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्याच वर्षी दादानं भट्टी सोडली. सोडली म्हणजे वहिनीनं सोडायला लावली. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, की काच फुंकणं बंद. पुन्हा नळी तोंडाला लावायची असेल तर माझ्याकडे येऊ नका. लग्न उरकेपर्यंत वहिनी गप्प राहिली. पाहुणे गेल्यावर मला म्हणाली, "भावोजी, घरी मी आहेच. तिकडं तुम्ही लक्ष ठेवा."

तेव्हापासून दादा कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीत येऊन बसायचा. मी चाकावर काचेच्या कडा घासायचो. तो माल पुसून कागदात गुंडाळायचा आणि खालच्या भट्टीवाल्यांना नावं ठेवायचा.

जुन्या वस्तू विकणारा एक व्यापारी अधूनमधून तुटके दिवे दुरुस्तीला आणायचा. एकदा त्यानं धडधाकट दिवा आणला. पितळी खांब, त्यावर मधाच्या रंगाची काचेची हंडी, आत पानाला असतात तशा हिरवट शिरा. आधी तेलाचा होता, मागाहून त्यात वीज घातलेली. खांबाची नक्षी हात लागून लागून गुळगुळीत झाली होती. ज्या घरातून तो आला, तिथली म्हातारी त्याच्याच उजेडात लहानाची मोठी झालेली. कारागिराची खूण मात्र कुठंच नव्हती, आणि गिऱ्हाईक त्याशिवाय दिव्याला हात लावत नव्हतं. "ठेवून घ्या," व्यापारी म्हणाला, "सावकाश ओळखा."

आमच्या कामात सही करत नाहीत, पण हात कळतो. कुणाची काच बुडाशी जाड, कुणाची तोंडाशी कललेली. दादाची गोष्ट निराळी होती. लहानपणी तो छातीच्या मोठ्या दुखण्यातून उठलेला, त्यामुळे मोठी हंडी त्याला एका दमात फुंकता यायची नाही. मध्येच थांबून दुसरा श्वास घ्यायचा. तेवढ्यात काच जराशी आळायची आणि हंडीच्या पोटावर बारीक उंचवटा राहायचा. डोळ्याला दिसत नसे, नखाला लागे. आम्ही चेष्टेनं त्याला दमाची रेघ म्हणायचो.

मी हंडी उतरवली आणि आतून नख फिरवलं. पोटावर रेघ लागली. त्याच जागी, तशीच उतरती.

"दादा, हे तुझं काम आहे."

"माझं? तेव्हा आपला बाप चड्डीत फिरत होता," दादा हसला. "जन्माच्या आधीच मला कामाला जुंपलं म्हण की."

मग त्यानं स्वतः नख फिरवलं. फिरवतच राहिला. त्या दुपारी त्यानं कुणालाही नावं ठेवली नाहीत.

पुढच्या आठवड्यात पाहिलं तर रेघा दोन होत्या. आधी आपण चुकलो असू, असं मनाला सांगून पाहिलं. पण माझं पोटच त्या नखावर चालायचं.

आमचा जिना लाकडी. पायरी न् पायरी बोलायची. दादा वर येताना मध्ये एकदा थांबतो, हे मला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी तो दोनदा थांबला. तिसरी रेघ लागली, आणि त्यानंतरच्या सकाळी तो तीनदा थांबला. आधी काच, मग दादा.

परत पाठवायला मी दिवा कापडात बांधला. दादानं गाठ सोडली.

वहिनीला सांगितलं.  तिनं विचारलं, "हे भट्टीवर जात नाहीत ना?"

नाही, दिवसभर माझ्या समोर असतो, मी म्हणालो. ते खरं होतं.

"मग यांच्या शर्टाला रोज भट्टीचा वास कसा येतो? तुमच्या तर येत नाही."

दुसऱ्या दिवशी दादा जिना चढून आला, भिंतीला टेकला, आणि बोलण्याइतका श्वास येईपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, हे काम माझं नाही हे दाखवूनच देतो. अशीच हंडी फुंकतो, एका दमात. तिच्यावर रेघ नसली म्हणजे ही दुसऱ्या कुणाची तरी.

ऐन तिशीत तुला एका दमात जमलं नाही, मी म्हणालो. त्याचा दंड धरला. वहिनीची आठवण दिली, डॉक्टरांची दिली.

"सोड," तो म्हणाला. "मी खाली गेलो नाही तर ही हंडी माझा दम असाच थोडा थोडा घेत राहील."

खाली सगळे कामावर होते. भट्टीत त्या दिवशी पांढरी काच होती. दादानं नळीच्या टोकाला ती घेतली, गोल फिरवली आणि फुंकली.

कुठंही थांबला नाही.

काच फुगत गेली. फुगता फुगता मधाच्या रंगाची होत गेली.

त्यानं नळी तोंडातून काढली. माझ्याकडे पाहिलं. जमलं, असं लहान मुलासारखं पाहिलं.

काच फुगतच होती.

तो गुडघ्यावर बसला, मग कुशीवर कलंडला. मी त्याला धरलं. कुणीतरी नळी घेऊन हंडी निवायच्या पेटीत ठेवली, तापलेली काच तडकू नये म्हणून जिच्यात हळूहळू गार करतात.

व्यापारी दिवा न्यायला आला, तेव्हा मी शेवटचं नख फिरवलं. एकही रेघ नव्हती. कुणाचं काम, त्यानं विचारलं. माझ्या भावाचं, मी म्हणालो. कधीचं? यंदाचं. त्यानं दिवा उचलला आणि निघून गेला.

निवायची पेटी आम्ही विझवली. तिच्यातला बाकीचा माल गार झाला. दादाची हंडी आठवडा उलटला तरी हाताला कोमट लागायची, आणि सकाळी तिच्या आतल्या बाजूनं वाफ धरलेली असायची. मी पुसायचो. ती वहिनीला कधी दाखवली नाही.

माझा थोरला भाऊ त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, सोमवारी सकाळी, भट्टीपाशी वारला.