टोपडं काढलेली रांग

"अहो! हात लावू नका तिथे!"

मी घसरत उतार उतरले, तोवर त्या गृहस्थाने अख्खी रांग उघडी केली होती. जांभळ्या रानफुलांवर कळीपासून बांधलेल्या माझ्या मलमलच्या पिशव्या त्याच्या मुठीत, आणि चेहऱ्यावर... पुण्य केल्याचं समाधान!

"बिचाऱ्यांना टोपडी कोणी घातली, कोण जाणे. माझ्या मधमाश्या धडकत होत्या हो."

"मी घातली! माश्या येऊ नयेत म्हणूनच!"

"का? त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

मधवाला होता. पायथ्याशी कालच पेट्या मांडल्या होत्या. मी दात-ओठ खात समजावलं – या झाडांना आपल्याच परागावर बी धरता येतं का, हे मला बघायचंय. येत असेल, तर पुढची सगळी रोपं एका साच्यातली. एक रोग आला की अख्खा उतार साफ. येत नसेल, तर दुसऱ्या झाडाचा पराग आणणारं कुणीतरी हवं. आणि याही हंगामात उत्तर मिळालं नाही, तर माझे मार्गदर्शक सर हे संशोधन बंद करणार.

"म्हणजे एकटीचं भागतं का, ते बघताय." भुवईवरचं दव पुसत तो म्हणाला.

"फुलांचं!"

"मी कुठे दुसऱ्या कुणाचं म्हणालो?"

दुसऱ्या दिवशी स्वारी भरपाई म्हणून हजर. वरच्या रांगांतल्या कळ्यांना पिशव्या बांधू लागला.

"गाठ मारताय की म्हैस बांधताय?"

"सुटू नये म्हणून..." असं म्हणून त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं, की माझीच गाठ चुकली. भयंकर राग आला.

"पेट्या हलवा," हा माझा रोजचा जप. "हलवतो की," हे त्याचं रोजचं उत्तर. आणि एका सकाळी पेट्या खरंच नव्हत्या. तोही नव्हता. डोंगरापलीकडे गेला म्हणे. न सांगता!

"गेली का तुझी डोकेदुखी?" आईने फोनवर विचारलं.

"गेली."

"मग रडतेस कशाला?"

"सर्दी झालीये!"

पुढे शेंगा वाळल्या. पिशव्यांतली एकेक सोलली – पोकळ. सगळ्या पोकळ. आणि त्याने बिघडवलेली ती रांग? दाण्यांनी टच्च भरलेली! उत्तर मिळालं, सर खूश. पण या उतारावर पराग आणणारं कुणीच उरलं नव्हतं. मीच हाकललं होतं ना!

निमूटपणे डोंगर चढून पलीकडे उतरले. तो पेटीवर वाकला होता.

"पुढच्या बहराला पेट्या परत आणा," मी धापा टाकत म्हणाले. "झाडांना गरज आहे."

"बरं." त्याने तोंडावरची जाळी वर केली. "एवढंच सांगायला डोंगर ओलांडलात?"

"हो. म्हणजे... नाही." शी! "तुम्ही गेल्यापासून मला कुणी वैताग देत नाही. आणि मला ते अजिबात सहन होत नाहीये. तुम्ही हवे आहात मला. रोज."

एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, ऐन वेळी मख्खासारखा बघत राहिला. डोळे मात्र भरून आलेले.

"अहो," मी ओरडले, "आता तरी बोला ना काहीतरी!"