यमुताईचं टिकेट

हे मी अजून माझ्या आईलाही सांगितलेलं नाही. शपथ घेत नाही. तारीख, वेळ, जागा सांगते. खरंखोटं तुम्ही ठरवा.

बुधवार, एकवीस मे. भर दुपार. नागपूर, बेसा रोडवरचं आमचं लहानसं ऑफिस.

बाहेर पंचेचाळीस डिग्री. रस्त्यावर माणूस नाही, झाडात पाखरू नाही. आत कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास.

समोरची खुर्ची रिकामी...

ती अंकुशची. पंधरा दिवसांपूर्वी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याची गाडी ट्रकखाली आली. घरी फक्त आई. यमुताई. तेरवी आटोपून पाहुणेही परतले होते.

आमच्याकडे प्रत्येक कामाचं कॉम्प्युटरवर एक टिकेट असतं. काम झालं की टिकेट बंद. एक बंद झालं की त्याला जोडलेलं दुसरं आपोआप बंद व्हावं, म्हणून रूल लावतात. ते सगळे रूल अंकुशचे.

केशव सर आले. "कामिनी, अंकुशचे रूल तुह्या नावावर करून टाक वं. त्याचं खातं बंद केलं तवापासून एकही चालून नाही राहिला."

"एकेक वाचून करू का सर?"

"वाचत काय बसतं? पोथी आहे का ते? सगळे निवड, मालक बदल, झालं! तिकडे क्लायंट मले खाऊन राहिला."

मी सगळे निवडले. एकेचाळीस. मालक : कामिनी.

एक वाजून बावन्न मिनिटं.

मग यादी वाचली. आधी वाचायला हवी होती.

शेवटच्या रूलचं नाव होतं... 'आई'.

मला आठवलं. रूल तपासायला अंकुश घरच्यांच्या नावाची टिकेटं करायचा. एकदा मला हाक मारून दाखवलंही होतं. "पाय वं, अंकुश बंद, का यमुताई बंद! चालते का नाही?"

"काहून अभद्र बोलून राहिला गा? खोड ते."

"खोडतो ना वं. जेवून येतो, मग खोडतो."

त्यानं खोडलं नव्हतं.

'अंकुश' टिकेट बंद होतं. बंद केल्याची तारीख सहा मे, दोन वाजून दहा. बंद करणाऱ्याचं नाव कोरं.

'यमुताई' टिकेट अजून उघडं.

खाली नोंदी होत्या. रोज दुपारी दोन दहा. पंधरा दिवस, पंधरा नोंदी, सगळ्या सारख्याच.

'रूल चालला नाही. मालक उपलब्ध नाही.'

पहिली नोंद सहा मेची. त्या दुपारी तर त्याचं खातं चालू होतं...

आणि आज रूलला मालक होता. मी.

मी रूल बंद केला.

टिंग... पुन्हा चालू. 'बदल करणारा : अंकुश.'

दोन टिकेटांमधला दुवा तोडला.

टिंग... पुन्हा जोडलेला.

त्याच्या खुर्चीचं चाक करकरलं. मी वर पाहिलं नाही.

दोन वाजून चार. यमुताईंना फोन लावला. उचलला, पण पलीकडे हॅलो नाही. बारीक, सुकलेल्या आवाजात त्या गात होत्या.

"दार लोटू नोको बाई, ऊन उतरू दे,
माह्या लेकाले उंबऱ्यात पानी पिऊ दे..."

"काकू! मी कामिनी. बऱ्या आहात ना?"

"कोण, कामिनी? बरी आहो वं बाई. छातीत जड वाटून राहिलं थोडं."

"शेजारी कोणी आहे का? बोलवा ना."

"सारे झोपले असन या उन्हात. थांब वं... दार वाजलं."

"काकू, उघडू नका!"

फोन खाली ठेवल्याचा आवाज. पावलं. कडी.

मग काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

आमचा कूलरही थांबला होता. वीज मात्र होती.

दोन वाजून आठ.

दुवा तुटत नव्हता. पण मधे काही घालता येत होतं. मी नवं टिकेट उघडलं. मधे जोडायला नाव हवं होतं, आणि दुसऱ्या कुणाचं लिहायला हात धजेना.

लिहिलं... 'कामिनी'.

अंकुशनंतर कामिनी. कामिनी बंद झाल्याशिवाय यमुताई बंद होणार नाही.

दोन वाजून दहा.

टिंग.

'थांबलो आहे. कामिनी बंद होण्याची वाट पाहत आहे.'

कूलर घरघरू लागला. फोनवर यमुताईंचा आवाज आला. हसरा, ओला.

"अंकुश आला होता वं. हात धरला, म्हणे, चाल आई. मग मागं पायलं अन् हात सोडला. म्हणे, तू बस. आधी कामिनी, मंग तू."

मी पडद्यावरची नोंद पुन्हा वाचली.

"काहून वं पोरी, तुले कुठं न्यायचं म्हणत होता तो?"

यमुताई आजही आहेत. छातीचं दुखणं त्याच दिवशी गेलं. दर रविवारी मी जाते. त्या मला पोटच्या पोरीसारखं वाढतात, आणि माझ्या ताटाशेजारी पाण्याचा एक पेला जास्त ठेवतात. मी विचारत नाही.

माझं टिकेट उघडं आहे. रोज दोन दहाला त्याच्याखाली एक नोंद वाढते.

काल केशव सरांनी सगळ्यांना मेल टाकला. ऑफिस नवं सॉफ्टवेअर घेतंय. जुनी टिकेटं एकेक न पाहता एकदम बंद करायची.

मी सरांना भेटले. म्हटलं, एक तेवढं राहू द्या.

"एका टिकेटासाठी काय अडून राहिली वं?" ते हसले.

शुक्रवारी करणार आहेत. जेवण झाल्यावर, दोनच्या सुमारास.

आज बुधवार आहे...