दारातली जांभळी फुलं

एदनाल्वा आत आली, खुर्चीवर बसली आणि समोरच्या कॉफीकडे बघत राहिली. दुकानात मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली, "माणूस जाळला म्हणून माझा नवरा कोठडीत आहे. त्यानं जाळला नाही."

लोकांचे तपास करून देणाऱ्या दोना झेनाइदेंनी चष्मा पुसायला घेतला. ओझियास दाराशी चुळबुळला. दोनांची गाडी चालवता चालवता तो त्यांच्या तपासातही लुडबुड करायला लागला होता. रडणाऱ्या बाईला पाणी द्यायचं, हे त्याला कळायचं. न रडणाऱ्या बाईचं काय करायचं, ते त्याला सुचेना.

"तिबुर्सियोची बायको ना तू? डोंगरावर फुलं वेचतो, त्याची?"

"हो. सुकवून विकतो. त्यानं गवत पेटवलं होतं, ते खरंय. दरवर्षी पेटवतो, त्याशिवाय नवी फुलं येत नाहीत. यंदा, दहा-बारा दिवसांपूर्वी, वारा फिरला आणि आग वर चढली. वर प्रोफेसर एवारिस्तोंचं घर. सकाळी ते राखेत सापडले."

"मग त्यानं जाळलं नाही, असं कशावरून म्हणतेस?"

"तो म्हणतो, आग त्या घरापर्यंत जाणंच शक्य नाही. का, ते सांगत नाही. मलासुद्धा नाही." तिनं कॉफी एका दमात संपवली. "मला काही वाटेनासंच झालंय, दोना. रोज त्याचं ताट वाढते आणि कुत्र्यापुढे ठेवते."

डोंगराकडे जाताना पुलाशी गाडी तापली. ओझियास पाणी भरायला उतरला आणि मान वर करून बघू लागला. "घर कुठंय? इथनं तर टेकाडच दिसतंय नुसतं."

"लक्षात ठेव ते," झेनाइदे म्हणाल्या.

टेकाडापलीकडे सगळा उतार जांभळा झाला होता. काळ्या जमिनीतून नवं गवत डोकावत होतं आणि जळक्या खोडांच्या टोकांवर मोठाली फुलं उमलली होती.

"कानेला-द-एमा!" ओझियास खूश झाला. "भारी आगाऊ झुडूप, दोना. एरवी ढुंकून बघणार नाही, अंगावरनं आग गेली की लगेच नटून उभं. आमच्याकडे चूल पेटवायला याचीच खोडं. राळेनं भरलेली असतात, भडाभडा पेटतात."

प्रोफेसरांच्या घराच्या दगडी भिंती तेवढ्या उरल्या होत्या. कौलं आत कोसळली होती. झेनाइदेंनी खिडकीची एक फळी उचलली. आतली बाजू कोळसा, बाहेरचा निळा रंग जसाच्या तसा. मग त्या दाराशी वाकल्या. घराभोवती तशीच काळी खोडं होती, पण फूल एकही नव्हतं.

"इथली जळून मेली बिचारी," ओझियास म्हणाला.

झेनाइदेंनी एका खोडावरचं सुकं बोंड खुडलं. "मेलेल्या झुडपाला बोंड धरतं का रे?"

ओझियास वाकून बोंडं मोजू लागला.

प्रोफेसरांची मदतनीस ताइस गावातल्या खोलीवर भेटली. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता, महिनाभर ती डोंगर चढली नव्हती. या डोंगरावरची झुडपं ही कानेला-द-एमाची नवीच जात आहे, असं प्रोफेसरांनी शोधलं होतं आणि तिचं वर्णन लिहून पूर्ण केलं होतं. ताइसनं ते पाठ म्हणून दाखवलं, "झुडूप गुडघाभर उंच. खोडावर जुन्या पानांचं चिलखत. फूल जांभळं, फार तर दोन दिवस टिकणारं. आगीवाचून फुलत नाही." तिनं उशाशी ठेवलेल्या कागदांवर हात ठेवला. "एक प्रत माझ्याकडे आहे. दुसरी त्यांच्याबरोबर जळाली."

"हे छापलं जाऊ नये असं कुणाला वाटत होतं?"

"ब्रेनोला, त्यांच्या पुतण्याला. डोंगर खाणवाल्यांना विकायचाय त्याला. नव्या झाडाची नोंद झाली की खाणीला परवानगी मिळत नाही."

ब्रेनोनं दोघांना घरी बसवून चीजचे गरम पाव दिले आणि स्वतः एकाला हात लावला नाही. "काका मला बापाच्या जागी होते. महिनाभर वर गेलो नाही, ही खंत जन्मभर राहील. त्या संध्याकाळी मी पुलावर होतो. तिथनंच बघितलं सगळं. दाराशी ती झुडपं जांभळ्या फुलांनी डवरलेली, आग आली आणि मशालींसारखी पेटली. मग घरानं पेट घेतला." त्यानं डोळे टिपले. "त्या फुलं वेचणाऱ्याच्या बायकोची मला दयाच येते हो."

बाहेर आल्यावर ओझियास म्हणाला, "मन मोठं आहे माणसाचं."

"आणि नजर त्याहून मोठी," झेनाइदे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्यांना जळक्या घराशी बोलावलं. तिबुर्सियोला फौजदार बेड्या घालूनच घेऊन आले. एदनाल्वा थोडी दूर, दगडावर बसली. ताइस कुबडीवर रेलून उभी होती, ब्रेनो सारखा घड्याळ बघत होता.

"फौजदारसाहेब, उतार आत्ता फुललाय, कारण आग आत्ता गेली. पण घराभोवती बोंडं धरलीत. म्हणजे ही झुडपं आधीच फुलून गेली. आणि आगीवाचून ती फुलत नाहीत. मग इथं आधी एक आग लागली होती. ती कुणाची, तिबुर्सियो?"

तिबुर्सियोनं मान खाली घातली. "माझी. प्रोफेसरच म्हणाले, वणवा आला तर घर वाचावं, भोवतीनं पट्टा जाळून ठेव. परवाना नव्हता. एका आगीपायी आत टाकलंत. दुसरी कबूल केली असती, तर सोडलं असतंत का?"

फौजदार खाकरले. "ठिणगी उडून आली असेल."

"दगडी भिंतीवर? कौलांवर? खिडकीचा रंग बाहेरून शाबूत आहे आणि आतून कोळसा झालाय. जळक्या पट्ट्यावरून वणवा पुढं सरकत नाही, तो कडेलाच थांबला. काळी खोडं बघून तुम्ही सगळे फसलात. घर आतून पेटलंय."

"कुणी पेटवलं?"

"ज्यानं ही फुलं पाहिली, त्यानं." झेनाइदे ब्रेनोकडे वळल्या. "पुलावरून टेकाडापलीकडचं काही दिसत नाही, ओझियास बघून आलाय. दारातली फुलं तुम्हाला कशी दिसली? दोन दिवसांची फुलं ती. त्या संध्याकाळी तुम्ही दाराशी होतात. फुलं खरी पाहिलीत, ती पेटल्याचं मात्र खोटं बोललात. ती पेटलीच नाहीत, नाहीतर आज बोंडं कुठून आली असती? फुललेलं झुडूप म्हणजे जळून गेलेली जागा. शहरात वाढलात, तुम्हाला ते ठाऊक नव्हतं."

ब्रेनो म्हणाला, "मी फक्त कागद पेटवले. विझतील असं वाटलं. पडद्यानं पेट घेतला, तसा मी बाहेर पळालो... काका कागदांसाठी परत आत गेले."

"आणि तुम्ही?"

त्यानं पुलाकडच्या वाटेकडे पाहिलं. ताइसनं तोंड फिरवलं. आपण त्याचे पाव खाल्ले, हे आठवून ओझियासनं बाहीनं तोंड पुसलं.

फौजदारांनी बेड्या काढल्या. तिबुर्सियो मनगटं चोळत बायकोसमोर जाऊन उभा राहिला.

"मला तरी सांगायचंस," ती म्हणाली.

"तुला खोटं बोलता येत नाही. त्यांनी विचारलं असतं, तर तू सांगून बसली असतीस."

ओझियास तिच्या रडण्याची वाट बघत पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

"रडू येत नाहीये," तिनं नवऱ्याला सांगितलं. "येईल कधीतरी. तुझं ताट वाढून आलेय मी." ती उठली आणि त्याची बाही धरून उतरायला लागली. "चल लवकर. नाहीतर कुत्र्याला वाटेल, आजही त्याचंच आहे."