पाणी न पिणारा टॉवेल

काल घटाघटा पाणी पिणारा निळा टॉवेल आज थेंबालाही शिवेना. जुईनं तो बॉनेटवर फिरवला, की पाणी नुसतं पुढे ढकललं जाई आणि मागे पांढुरके ओघळ राहत.

पेट्रोलवर चालणारी ही गल्लीतली शेवटची गाडी. चार वाजता संग्रहालयाचा विनाचालक ट्रक तिला न्यायला येणार होता. त्याआधी तिला एकदा आपल्या हातांनी लख्ख पुसायचं, एवढीच निलेशआजोबांची इच्छा होती. जुईची आई जन्मली, तेव्हा याच गाडीतून ती घरी आली होती.

"टॉवेल कुणी धुतला गं?" आजोबांनी विचारलं. धाग्यांवर संशोधन करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

जुईचं तोंड एवढंसं झालं. "मी. आज शेवटचा दिवस ना, म्हणून सॉफ्टनर (कपडे मऊ करणारा सुगंधी द्रव) घातला. चांगली तीन झाकणं!"

"म्हणजे मायेचा पूरच आला की!" आजोबा हसले आणि त्यांनी टॉवेल सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "बघ. हे मायक्रोफायबर (केसाहून कितीतरी बारीक धाग्यांचं कापड). धागे चिरलेले असतात, त्या फटींत पाणी आणि धूळ शिरते. सॉफ्टनरनं फटींवर तेलकट थर बसवलाय."

"मग आता?"

"कोमट पाणी, साधा साबण, आणि खळखळून धुवायचा. एकट्यालाच हं. सुती कपड्यांची तुसं फटींत अडकतात."

तीन वाजले. जुई धुतलेला टॉवेल घेऊन ड्रायरकडे पळाली आणि तिनं सगळ्यात गरम बटण दाबलं. आजोबांनी तिचा हात धरला.

"हा धागा प्लॅस्टिकचा आहे. फार तापला, तर टोकं वितळून कडक होतात, मग रंगावर ओरखडे पडतात."

दोघांनी गच्चीवर टॉवेलची टोकं धरून तो वाऱ्यावर झटकला.

"पूर्वी सुट्टीला अख्खी गल्ली गाड्या धुवायची," आजोबा म्हणाले. "अंगावर पाणी उडालं म्हणून भांडणंसुद्धा व्हायची. आता गाड्या स्वतःच धुऊन घेतात. मला ती भांडणं फार आठवतात गं."

या वेळी टॉवेलनं एकूण एक थेंब टिपला. चकचकीत बॉनेटमध्ये आजोबांना आपले पांढरे केस दिसले.

ट्रक आला. जुई पुढे झाली.

"तिथं हिला कोण पुसणार?"

"यंत्र," ट्रक म्हणाला.

"त्याला सॉफ्टनरचं कळतं?"

"तशी नोंद नाही."

"मग नोंद कर," जुई म्हणाली. "दर रविवारी दोन माणसं येतील, आपला टॉवेल घेऊन."