तांगबियानचा उजवा इअरफोन

हे मी रचून सांगत असते, तर स्वतःला इतकं वाईट दाखवलं नसतं. एवढ्यावरून काय ते ओळखा.

अकरा मार्चची दुपार. तीन वाजले असतील. शेन्झेनच्या इलेक्ट्रॉनिक बाजारामागे एक जुनी इमारत आहे, तिच्या अकराव्या मजल्यावर आमची खोली. भुताखेतांची वेळ अजिबात नव्हती. खालच्या हातगाडीवाल्याच्या शिव्या वरपर्यंत ऐकू येत होत्या.

हवेत ओल इतकी होती, की भिंतींना घाम फुटला होता. मार्चमध्ये आमच्याकडे फुटतोच.

चांगलिन दादा माझ्या मावशीचा मुलगा. पूर्ण नाव फू चांगलिन. वायरवाले, कानात खोल बसणारे इअरफोन ऐकायचे आणि कॅमेऱ्यासमोर त्यांचं परीक्षण करायचं, हा त्याचा धंदा. लोक त्याला 'सोनकान' म्हणायचे. तो चांगलं म्हणाला की माल संपायचा. वाईट म्हणाला की कंपनी संपायची.

आणि वाईट म्हणायला त्याला फार आवडायचं.

मी निंग. कॅमेरा लावणं, जेवण मागवणं आणि मशीनवर आवाजाची मोजणी घेणं ही माझी कामं. त्या मशीनला सिलिकॉनचा एक खोटा कान आहे. इअरफोन त्यात बसवायचा. डाव्या-उजव्या बाजूच्या दोन रेषा पडद्यावर उमटतात. दोन्ही एकसारख्या असल्या, तर माल चांगला.

त्या दुपारी एक पार्सल आलं.

राखाडी खोका. वर एवढंच... तांगबियान. म्हणजे तळ्याकाठ. पाठवणाऱ्याचं नाव नाही, नंबर नाही.

"आणखी एक नवी कंपनी," दादा म्हणाला. "आजकाल वायरीला डाख द्यायला शिकला की निघाला कंपनी काढायला! बघू, किती वेळ टिकतात माझ्यापुढे."

त्याने इअरफोन घातले. गाणं लावलं.

आणि गप्प झाला.

मी दादाला या धंद्यात सहा वर्षं बघत होते. पहिल्या मिनिटाला तो काहीतरी टोचून बोलायचाच. त्या दिवशी मात्र तो डोळे मिटून बसला. डोळ्यांत पाणी.

"निंग... असं मी कधीच ऐकलं नाही गं."

मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

"पण उजवा बंद आहे."

मी जोडी मशीनवर लावली. दोन रेषा उमटल्या. पण मला एकच दिसली, कारण दोन्ही एकमेकींवर तंतोतंत बसल्या होत्या. इतकी जुळलेली जोडी मी पाहिली नव्हती.

मी स्वतः घालून पाहिली. दोन्ही चालू.

दादाने पुन्हा घातली. उजवीकडे काहीच नाही. त्याने वायर बदलली. मग डावा इअरफोन उजव्या कानात घातला. तिथे जाताच तोही मुका झाला.

"कानात मळ असेल," मी म्हणाले.

"माझ्या?" तो भडकला. "सोनकानाच्या? तोंड सांभाळून बोल!"

दुसऱ्या दिवशी मी जेवणाचे डबे घेऊन आले, तर तो कालच्याच कपड्यांत, इअरफोन घालून बसलेला.

"उजवीकडे आवाज येतोय," तो हळूच म्हणाला.

"बरं झालं की!"

"गाण्याचा नाही... कुणीतरी श्वास घेतंय."

मी वायरचं दुसरं टोक शोधलं. ते टेबलाखाली लोंबत होतं. कशालाच जोडलेलं नव्हतं.

"दादा, काढ ते."

"काढवत नाही गं. डावीकडे अजून गाणं चालू आहे."

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या उजव्या बाजूने हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. दुसरे सगळे इअरफोन लावून पाहिले. उजवीकडे काही नाही. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहे, मनावर ताण असेल.

परत येताना टॅक्सीत तो एकदम म्हणाला, "ती बाई कुठली होती गं? तोंग्वानची ना?"

कुठली बाई, हे मला विचारावं लागलं नाही.

चौदा महिन्यांपूर्वी तोंग्वानमधल्या एका नवरा-बायकोने घरी बनवलेली जोडी आमच्याकडे आली होती. आवाज जुळवणारी बायको, छू यूमेई. दादाने ती थेट प्रक्षेपणात लावली. उजवी बाजू बारीक वाजत होती. दादाने पकड आणली, सगळ्यांसमोर इअरफोन फोडला आणि म्हणाला, "ही जिनं जुळवली, ती बाई उजव्या कानाने ठार बहिरी असणार!"

लाखो लोक हसले. खाली घाणेरड्या कॉमेंटचा पाऊस पडला.

प्रक्षेपण संपल्यावर मी आवराआवर केली. तेव्हा दिसलं, की आमच्याच वायरची उजवी पिन वाकलेली होती.

त्यांच्या मालात काहीच खोट नव्हती.

मी दादाला ते दाखवलं. तो म्हणाला, "लोक हसले ना? मग झालं. गप्प बस."

मी गप्प बसले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता त्याने तांगबियानचं परीक्षण थेट प्रक्षेपणात ठेवलं. मी नको म्हणाले. तो म्हणाला, "जगातला सगळ्यात चांगला इअरफोन आहे तो. हे मी नाही सांगणार तर कोण सांगणार?"

कॅमेरा सुरू झाला. त्याने इअरफोन घातले. तोंड उघडलं...

आणि सपाट आवाजात बोलायला लागला.

"बहिरे, भांडी घास जा."

मला वाटलं, तो कुणाला तरी चिडवतोय.

"हिच्यापेक्षा माझा कुत्रा बरा ऐकतो... नवऱ्याला तरी ऐकू येतं का, की तोही ठोंब्या... मर एकदाची."

हे शब्द मी वाचले होते. चौदा महिन्यांपूर्वीच्या त्या व्हिडिओखालच्या कॉमेंट होत्या. त्याच क्रमाने. एकही न गाळता.

दादा वाचत नव्हता. कानात जे येत होतं, ते बोलत होता.

मी उठून त्याच्या कानातले इअरफोन ओढून काढले.

तो थांबला. इकडेतिकडे बघू लागला. मग बेंबीच्या देठापासून ओरडला, "निंग! आवाज का बंद केलास?"

"काही बंद नाही, दादा."

"आवाज लाव! तुझं तोंड हलतंय, आवाज लाव ना गं!"

तो रडत होता. स्वतःच्या कानांवर थपडा मारत होता.

पडद्यावर लोक हसत होते. 'सोनकानाचं नवं नाटक!' म्हणून ऑनलाइन पैशांची बक्षिसं पाठवत होते. त्या दिवसाइतकी बक्षिसं आम्हाला कधीच मिळाली नव्हती.

मी कॅमेरा बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती जोडी घेऊन मी तोंग्वानला गेले. पत्ता जुन्या खोक्यावर होता. एका गल्लीत भात शिजवायचे कुकर दुरुस्त करायचं दुकान निघालं. आत पन्नाशीचा एक माणूस बसला होता. यूमेईचा नवरा. आडनाव दाई, खोक्यावर लिहिलेलं.

मी नाव न सांगता खोका पुढे केला. "काका, ही जोडी तुम्ही पाठवली होती का?"

त्याने भिंग घेतलं. वायरचा जोड बराच वेळ पाहिला.

"डाख तिचाच आहे. पण आम्ही काही पाठवलं नाही, पोरी. धंदा बसला कधीचा. ती जाऊन वर्ष झालं."

"कशाने गेल्या?"

"त्या व्हिडिओनंतर सगळा माल परत आला. ती पुन्हा कारखान्यात लागली. एक दिवस रस्ता ओलांडताना उजवीकडून ट्रक आला. हॉर्न दिला होता म्हणे." त्याने भिंग खाली ठेवलं. "लहानपणी ताप आला, तेव्हापासून उजव्या कानाने तिला ऐकू येत नव्हतं. दोन्ही इअरफोन ती डाव्याच कानात घालून जुळवायची. एकाच कानाने दोन्हींचा न्याय. म्हणून तर फरक पडायचा नाही."

त्याने इअरफोन पुसले आणि कानांत घातले. वायर त्याच्या मांडीवर मोकळी पडली होती.

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग त्याचा चेहरा फुलला.

"हो... जेवलो," तो म्हणाला. "हो गं, गरम करूनच जेवलो... गुडघा बरा आहे आता."

गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तो हसत होता. मी हळूच मागे सरकले. निघावं, असं मनात म्हणाले.

"थांब," तो म्हणाला.

आता तो हसत नव्हता.

"ती विचारतेय, दारात उभी आहे ती मुलगी कोण?"

"मी... मी अशीच, काका..."

तो मान कलती करून ऐकत राहिला.

"ती म्हणतेय... वाकलेली पिन जिने पाहिली होती, ती का ही?"

पिनचं मी दादा सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

मी हात जोडून तिथेच खाली बसले. काय काय बोलले, आठवत नाही. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, आणि मग शांतपणे शटरचा आकडा उचलला.

"जा पोरी. मी तुला काही करणार नाही," तो म्हणाला. "तिचं मला माहीत नाही."

शटर खाली आलं.

दादाला मावशी गावी घेऊन गेली. डॉक्टरांच्या मते त्याचे दोन्ही कान आजही ठणठणीत आहेत. त्याला काहीही ऐकू येत नाही. मी त्या पिनची खरी हकीकत चॅनलवर लिहिली. खाली पहिलीच कॉमेंट आली, 'मेलेल्या बाईवर पण कमवा आता.'

मी दर महिन्याला कान तपासून घेते. बंद खोलीत बसवतात. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम.

गेल्या मंगळवारी तपासणी झाली. सगळं व्यवस्थित होतं. तपासणारी मुलगी मात्र कागदाकडे बघतच राहिली.

"ताई, शेवटी उजव्या बाजूला तुम्ही सात वेळा बटण दाबलंत. का?"

"आवाज आला म्हणून."

"मी तर तेव्हा मशीन बंद केलं होतं," ती म्हणाली. "कसला आवाज आला?"

मी म्हटलं, शिट्टीसारखा.

खोटं बोलले. ते सात श्वास होते.