नाव : बाळ

कोल्हापूरच्या 'रुदनवेध' प्रयोगशाळेत शर्वाणी सकाळी पावणेबाराला तणतणतच शिरली. "सर, माझ्या एकशेबारा आयांचे अर्ज फेटाळलेत तुमच्या यंत्रणेनं!"

तान्ह्याच्या रडण्याचा अर्थ सांगणारी ही मोफत सेवा. तिच्या आधारावर शर्वाणीनं बहिऱ्या आयांसाठी अ‍ॅप बनवलं होतं, तेही मोफत. बाळ रडलं की आईच्या मनगटावरचा पट्टा थरथरायचा, त्यावर 'भूक' किंवा 'झोप' उमटायचं. आज बारापासून मात्र अर्ज करून मिळणाऱ्या किल्लीशिवाय उत्तर मिळणार नव्हतं.

"किल्ली हवीच कशाला?"

"यंत्रं सेकंदाला लाखभर खोटे प्रश्न ओततात," सेवेचे प्रमुख डॉ. मुजावर म्हणाले. "खरी आई रांगेत अडकते. किल्ली म्हणजे विचारणाऱ्याची ओळख. एका बाळाला एक."

"मग फेटाळले का?"

"एकशेबारा अर्ज, आणि सगळ्यांवर नाव एकच : बाळ! यंत्रणेला वाटलं, कुणीतरी गंडवतंय."

शर्वाणीला हसू फुटलं. "अहो सर, बारसं व्हायचंय त्यांचं! गोमतीची लेक नऊ दिवसांची आहे. काय लिहील ती?"

"मग दुसरी खूण दे. प्रत्येकाची निराळी."

"ती पाठवलेल्या रडण्यातच येते की! प्रत्येक गळ्याचा स्वरठसा वेगळा. रडणं हीच किल्ली."

"आणि कुणी तेच रडणं पुन्हा वाजवलं तर?"

"कुठलंही बाळ दोनदा हुबेहूब रडत नाही. हुबेहूब आलं तर समजायचं, यंत्र आहे."

मुजावर खूश झाले. "पण गळा वाढला की ठसा बदलेल, किल्ली बाद होईल. अर्थात, तोवर मूल बोलायला लागेल."

शर्वाणीच्या मनात आलं, ते बोलणं गोमतीला कुठून ऐकू येणार? पण बाराला पाचच मिनिटं उरली होती. मुजावरांनी बदल चढवला. थोड्याच वेळात गोमतीच्या पट्ट्यावर 'भूक' उमटलं.

सव्वा वर्षानं गोमतीचा संदेश आला : "ताई, पट्टा म्हणतो, किल्ली जुळत नाही."

शर्वाणीनं लगेच व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर गोमतीची लेक आईसमोर उभी होती, डोळे कोरडे. इवलीशी मूठ ती उघडत होती, मिटत होती, आईच्या खुणांच्या भाषेत : दूध, दूध.

खाली गोमतीनं लिहिलं, "तक्रार नाही हो ताई. सांगतेय नुसतं."