सिद्धीने शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं

पूलजवळ माझ्या मागच्या पायरीवर बसून कोणीतरी माझी ईमेल वाचत होतं. तिला हसू आवरेना, तेव्हा मला ते कळलं.

मी वळून पाहिलं. ओले केस, गळ्यात स्टॉपवॉच.

"सॉरी ओ," ती म्हणाली. "पण हे... मुलीचं लग्न ठरवायला लागलाय का?"

"नाही. अमेरिकेत कॉलेजला पाठवतोय. पोहण्यावर."

"मग वर्ण गव्हाळ कशाला लिहिलाय?"

सिद्धी बारावीत आहे, दोनशे मीटर बटरफ्लाय पोहते. तिकडची कॉलेजं चांगल्या खेळाडूंना स्कॉलरशिप देऊन घेतात, एवढं ऐकलं होतं. तिथल्या कोचना काय लिहायचं ते माहीत नव्हतं. नागपूरच्या मथुराताईने पाठवलेला भाचीचा लग्नाचा बायोडाटा लॅपटॉपवर होता. त्यातलं गोत्र आणि रास काढली आणि बाकीचं इंग्रजीत केलं. शेवटी 'अपेक्षा' होतं, ते ठेवलं. त्यापुढे लिहिलं, पूर्ण स्कॉलरशिप, आणि हवा फार थंड नको.

"किती जणांना पाठवलं?"

"बेचाळीस."

"उत्तरं?"

"एक आलं. मशीनने पाठवलेलं."

ती पुन्हा हसली, पण या वेळी मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

तिचं नाव रंजिता. बेळगावची. स्वतः अमेरिकेत चार वर्षं कॉलेजसाठी पोहली होती आणि आता जयनगरच्या या पूलवर कोच म्हणून नवीन आली होती. तिने माझा लॅपटॉप बंद केला आणि सगळं समजावून सांगितलं.

"पहिली गोष्ट, वडलांनी लिहायचं नाही. पोरगीनं लिहायचं. कोचला तिच्याबरोबर चार वर्षं काढायची असतात, तुमच्याबरोबर नाही. दुसरी, पहिल्या ओळीत वेळ. दोन मिनिटं एकोणीस सेकंद. तिकडचे पूल यार्डात असतात, आपल्यापेक्षा लहान, म्हणून त्या हिशेबानं वेळ बदलून तीही लिहायची. तिसरी, व्हिडिओ. उडी आणि भिंतीवरचं वळण नीट दिसायला पाहिजे. आणि प्रत्येक कॉलेजचा फॉर्म असतो, तो भरायचा."

"आणि त्या बेचाळीस जणांचं काय?"

"त्यांना विसरा. ते तुम्हाला विसरलेत की."

व्हिडिओ काढायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिस लांब महादेवपुऱ्यात, त्यामुळे फक्त शनिवार-रविवार मिळायचे. तीन आठवडे मी काठावर वाकून फोन धरला. रंजिता शेजारी उभी राहून बघायची.

"अंगठा."

"काय?"

"तुमचा अंगठा येतोय. कुठल्याच कॉलेजला तो नकोय ओ."

"तुम्ही धरून दाखवा मग."

तिने फोन घ्यायला हात पुढे केला, आणि मी तो लगेच सोडला नाही. एक क्षणच. तिनेही ओढला नाही. मग सिद्धी पाण्यातून ओरडली, "बाबा, मी वळले! घेतलंस का?"

घेतलं नव्हतं. तिला पुन्हा पोहावं लागलं. ती रागावली, आणि रंजिता स्टॉपवॉचकडे बघत राहिली, जणू त्यात काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलं होतं.

मी शनिवारची वाट बघू लागलो. हे लिहायला सोपं आहे, तेव्हा सोपं नव्हतं. उल्का, माझी बायको, जाऊन तीन वर्षं झाली होती. सिद्धीला पहाटे पाचला पूलवर आणायची ती उल्का. तिच्यानंतर मी आणत होतो आणि ती बसायची त्याच पायरीवर बसत होतो. आता तिथे बसून मी दुसऱ्याच बाईची चप्पल शोधायचो, ती आलीय का बघायला.

सिद्धीने स्वतः चार ओळी लिहिल्या. अकरा कोचनी उत्तर दिलं. मिनेसोटातल्या एका बाईंनी व्हिडिओ कॉल ठेवला. सिद्धीने रंजितालाही घरी बोलावलं. मिनेसोटात सहा महिने बर्फ असतो हे मला तेव्हा कळलं.

कॉलवर कोचने विचारलं, सरावाला किती वाजता उठतेस? मी स्क्रीनच्या मागून सांगितलं, "फोर थर्टी!" दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मीच दिलं. तिसऱ्याला रंजिताने माझी बाही धरली आणि मला स्वयंपाकघरात नेलं.

"तुम्ही पोहणार आहात का तिकडं?"

"नाही."

"मग इथंच उभे राहा. थोडा वेळ, स्वल्प," ती अर्धं कानडीत म्हणाली.

आम्ही ओट्याला टेकून उभे राहिलो. तिने माझी बाही सोडली नव्हती. ते दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही फ्रिजकडे बघत होतो.

दोन दिवसांनी कॉलेजचं पत्र आलं. सिद्धीला जागा, मोठी स्कॉलरशिप. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मी पेढे आणले. सिद्धीने अर्धा खाल्ला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. तिने कळवलं नाही. विचारलं की म्हणायची, "बघू."

बुधवारी रंजिताने मला पूलवर बाजूला घेतलं. बारीक पाऊस पडत होता, आम्ही पत्र्याखाली उभे होतो.

"तिनं मला सांगितलंय," ती म्हणाली. "तुम्हाला सांगू नको म्हणाली, पण मी सांगणार. ती गावाला स्पर्धेला गेली की तुम्ही जेवत नाही म्हणे. उभ्यानं पातेल्यातूनच खाता. बाबांना असं सोडून कशी जाऊ, म्हणते."

खरं होतं ते. पोरीने कधी पाहिलं, कोण जाणे.

मग माझ्या तोंडून निघालं, "रंजिता, तुम्ही जर... म्हणजे मी एकटा नसेन असं जर तिला—"

"थांबा." तिने हात वर केला. "हे वाक्य शुक्रवारच्या आधी पुरं करायचं नाही. आत्ता विचारलंत तर मी तिच्या जाण्याची सोय होते. मला सोय व्हायचं नाही ओ."

"तसं नाही..."

"तसं नसेल तर शुक्रवारनंतरही आठवेल की."

घरी येऊन मी वरण-भात लावला. दोन ताटं घेतली. सिद्धी समोर बसली.

"मी उभ्याने खातो, हे खरं आहे," मी म्हणालो. "तू गेलीस की घर रिकामं वाटेल, तेही खरं. खोटं बोलणार नाही."

"म्हणूनच म्हणते बाबा, इथेच जे. पी. नगरच्या कॉलेजात—"

"ऐक. तू माझ्यासाठी राहिलीस, तर रोज तुला समोर बघून मला एकच गोष्ट आठवेल. आई पाचला उठायची ती तू कुठेतरी पोचावीस म्हणून. मला एकट्याने जेवायला शिकावं लागेल. शिकेन. तू बटरफ्लाय शिकलीस, मी बसून जेवायला नाही शिकणार?"

ती रडली. मग नाक पुसत म्हणाली, "ताट धुवायचंसुद्धा. ढीग करून ठेवायचा नाही."

"सरी, बरं," मीही कानडीत म्हणालो.

गुरुवारी सकाळी तिने स्वतः 'येते' असं कळवलं. मला नंतर दाखवलं. पत्रात माझं नाव कुठेच नव्हतं, ते मला फार बरं वाटलं.

मी शुक्रवारची वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी पूलवर गेलो. रंजिता लहान मुलांच्या टोप्या गोळा करत होती.

"तिने हो कळवलं," मी म्हणालो.

"मला फोन आला की तिचा." ती टोप्या पिळत राहिली. "मग? तुमचं काहीतरी अर्धं राहिलं होतं."

"आधी एक सांगतो. उल्काची आठवण रोज येते. ती थांबेल असं वाटत नाही."

"थांबू नये की." आता तिने माझ्याकडे पाहिलं. "थांबली असती तर मला तुमची भीती वाटली असती."

पाण्यात कोणी नव्हतं.

"रविवारी जेवायला याल?" मी विचारलं.

"कुठल्या?"

मी विचार केला.

"सगळ्या," मी म्हणालो.

तिने ओल्या टोप्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला, आणि चप्पल घालायला वाकली. "चला," ती म्हणाली, "या रविवारी सोलकढी मी करते. बाकीच्यांचं बघू हळूहळू."